दाराबाहेरचे उतेकर सर

उतेकर सर रोमन छळाच्या काळातल्या बिशपांना गावावरून ओळखत, नावाने कधीच नाही. कार्थेजवाला, अलेक्झांड्रियावाला, रोमवाला. आमच्याकडे सुट्टीत आलेल्या चाकरमान्याला 'तो घाटकोपरवाला' म्हणतात, त्या चालीवर. उत्तरपत्रिकेत एखाद्याने नुसतं नाव लिहिलं, तर सर त्याखाली लाल रेघ मारून विचारत, "कुठला?" नाव पाठ होतं आणि माणूस विसरतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस कुठल्या गावचा, त्याच्या घरी कोण कोण, त्याला गाव सोडून जाता येणार होतं का, एवढं कळलं की छळाच्या दिवशी तो काय करेल याचा अर्धा अंदाज येतो. उरलेल्या अर्ध्याचा अंदाज कुणालाच नसतो, त्या माणसालाही नसतो, असं ते म्हणत.

महाडच्या आमच्या कॉलेजात सर इतिहास शिकवत आणि मी राज्यशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. अभ्यासक्रमात रोमन साम्राज्याचं एक प्रकरण होतं आणि त्यात ख्रिस्ती धर्माच्या उदयाला दीड पान. त्या दीड पानाला सर पावणेदोन महिने घेत. प्राचार्य दर वर्षी लेखी विचारणा करत. सर दर वर्षी लेखी कळवत की रायगडावर बोलणारी माणसं या तालुक्यात पुष्कळ आहेत, कार्थेजवर बोलणारा मी एकटाच आहे; तरी विचार व्हावा.

सर स्वतः ख्रिस्ती नव्हते. पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्याही पुढे, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे, तिथले ते. वाडीचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ती माणसं अजून तिथेच राहतात. मॅट्रिकनंतर सर मुंबईत गावकीच्या खोलीवर राहिले. एका खोलीत गावचे चौदा जण, पाळीपाळीने झोपायचे. वाचायला जागा नाही म्हणून ते समोरच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याची पुस्तकं झाडायचं काम करू लागले आणि झाडता झाडता वाचू लागले. "त्यांनी मला धर्म दिला नाही," सर सांगत, "भांडणं दिली. धर्म माझ्याकडे होता, भांडणं कमी होती." वाडीत मात्र मास्तर किरिस्ताव झाला अशी कुजबूज होती ती होतीच.

त्यांचा वर्ग मी दोन-तीनदा मागे बसून ऐकला आहे. रोमच्या एका बादशहाने फर्मान काढलं की प्रत्येकाने देवांना नैवेद्य दाखवावा आणि दाखवल्याचा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. सरांनी त्याचा मराठी तर्जुमा केला होता आणि तो ते तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाच्या सुरात वाचत. मी अमुक, राहणार अमुक गाव, देवांना सदैव नैवेद्य दाखवत आलो असून आताही आपल्या समक्ष धूप वाहिला व प्रसाद भक्षण केला, तरी तसे प्रमाणित करून मिळावे ही विनंती. मुलं हसत. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांतली अर्धी त्याच आठवड्यात रांगेत उभी राहिलेली असत. मग सर सांगत की काही ख्रिस्ती लोकांनी खरोखर नैवेद्य दाखवला. काहींनी तो न दाखवता ओळखीने नुसता दाखला मिळवला आणि मनाशी म्हणाले, आपण काहीच केलं नाही, नुसता कागद आहे. आणि काहींनी दोन्ही नाकारलं आणि ते मेले.

एकदा गावातल्या बौद्धवाडीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मेले त्यांचं कळलं. कागद घेतला त्यांचं पुढे काय झालं?"

सरांनी खडू खाली ठेवला. हा प्रश्न ऐकायला मी बावीस वर्षं इथे उभा आहे, असं काहीतरी ते म्हणाले आणि पुढचे तीन आठवडे त्या एका प्रश्नावर गेले. छळ संपला आणि कागदवाले परत चर्चच्या दाराशी आले. त्यांना आत घ्यायचं का? घ्यायचं तर कुणी घ्यायचं? बिशपने, की ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनी? कार्थेजवाला स्वतः छळाच्या वेळी लपून बसला होता. त्याने कोणत्या तोंडाने निवाडा करायचा? पुढे पन्नास वर्षांनी दुसरा छळ झाला. तेव्हा धर्मग्रंथ शिपायांच्या हवाली करा असा हुकूम होता. काही बिशपांनी केले. मग असा बिशप ज्याला पाणी देऊन बाप्तिस्मा देईल, तो बाप्तिस्मा खरा का? कुणाच्या हातचं पाणी चालतं, या भांडणावर आफ्रिकेत शंभर वर्षं डोकी फुटली. हे सांगताना सर खिडकीबाहेर चवदार तळ्याच्या दिशेला हात करत आणि म्हणत, यापुढचं समजावून सांगायची या गावात गरज नाही.

समारंभाचं त्यांना वावडं होतं, पण ते चुकवत नसत. पहिल्या रांगेत बसून बारकाईने बघत. एका वर्षी कॉलेजच्या वर्धापनदिनाला, ज्यांनी आदल्या वर्षी कॉलेजचं अनुदान अडवून धरलं होतं त्याच गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सर माझ्या कानाशी बोलू लागले. छळ थांबल्यावर पुढच्या एका बादशहाने सगळ्या बिशपांना परिषदेला बोलावलं, सरकारी गाड्या पाठवून. कुणाचा डोळा काढलेला, कुणाच्या पायाची शीर कापलेली. बादशहाने म्हणे एका म्हाताऱ्याच्या रिकाम्या खोबणीचं चुंबन घेतलं आणि सगळी सभा गहिवरली. "डोळा कुठल्या खात्याने काढला होता, हे विचारायचं राहून गेलं," सर म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले, कारण तेवढ्यात सगळे वाजवत होते. त्यांना स्वतःला मिळालेल्या शाली ते वाडीवर आईला नेऊन देत. म्हातारीकडे अकरा शाली झाल्या होत्या. एक ती पांघरायची, बाकीच्या तांदळाच्या कणगीवर घालायची.

ही आई म्हणजे सरांची एकच दुखरी जागा. नव्वदीला आलेली, वाडीत धाकट्या मुलाकडे राहायची. सरांनी महाडला आणून पाहिलं. चार दिवसांत तिने जेवण सोडलं. वाडीतून दिसणारा डोंगर तिला हवा होता.

तळीयेला दरड कोसळली त्या पावसानंतर आमच्याकडे प्रत्येक वाडी आपल्या डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. सरांच्या वाडीवरही डोंगराला भेग दिसली होती. गावकी बसली आणि ठरलं की कुणी कुठे काही कळवायचं नाही. कळवलं तर सरकार दर पावसाळ्यात शाळेच्या पडवीत नेऊन कोंबेल आणि एक दिवस वाडी उठवेल. वाडीच्या मुंबईतल्या मंडळानेही फोनवर हेच सांगितलं. दरड आली तरी मंडळ ठाण्यात आणि डोंबिवलीत असणार होतं. काशिनाथ उतेकर म्हणजे सरांच्या भावकीतला, सरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. लॉकडाऊनमध्ये मुंबईतलं कँटीनचं काम सुटल्यावर तो गावी येऊन भात लावत होता. त्याचं घर भेगेच्या बरोबर खाली. त्याने एकट्याने तहसीलदाराला अर्ज दिला. माणसं येऊन बघून गेली, नोटिसा आल्या आणि गावकीने काशिनाथला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं बाहेरून दिसत नाही. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त काशिनाथच्या घरी कुणी येईनासं झालं, त्याच्याशी कुणी बोलेना, गिरणीत त्याचं दळण शेवटी आणि मग नाहीच. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारोदार नाचते, ती त्याच्या दारावरून न थांबता पुढे गेली. आणि त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर त्याची आई वारली, तेव्हा वाडीतला एकही माणूस तिरडी बांधायला आला नाही. काशिनाथ, त्याचा मुलगा आणि महाबळेश्वरच्या बाजूने आलेला त्याचा मेहुणा असे तीन खांदे झाले. चौथा नव्हता. कुणीतरी सरांना फोन केला. सर तास सोडून पोलादपूरची एसटी धरून गेले आणि चौथा खांदा दिला. परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावर ओल्या बांबूचा हिरवा डाग होता. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तास घेतला.

वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे. काशिनाथने तक्रार दिली. पण त्याच्या बाजूने बोलणारा वाडीत कुणी नव्हता. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेल असा माणूस एकच, उतेकर सर. त्यांनी जबाब दिला, स्वच्छ आणि लांबलचक, समास सोडून लिहिलेला. त्या दिवसांत सर बदलल्यासारखे दिसत. चालताना एरवीसारखे हात मागे बांधत नव्हते. मला वाटतं, आयुष्यभर ज्या माणसांबद्दल बोलत आलो त्यांच्या रांगेत आपण कुठेतरी शेवटी उभे आहोत, असं त्यांना वाटत असावं. मी चेष्टेने विचारलं, "मग, सिंहापुढे कधी?" सर म्हणाले, सिंह फार थोड्यांच्या वाट्याला आला, बाकीच्यांकडे नातेवाईक पाठवले.

दिवाळीनंतर धाकटा भाऊ आला. गावकीने त्याला कळवलं होतं की मास्तरने जबाब मागे घेतला नाही तर शिमग्याला पालखी त्याच्याही दारात थांबणार नाही, आणि पुढचं त्याने समजून घ्यावं. सर वाडीवर गेले. काय झालं ते त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. वाद घालायची सगळी तयारी करून ते गेले होते, पण आईने वाद घातलाच नाही. काशिनाथच्या आईला कसं नेलं ते तिने पडवीतून बघितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बाला, तुझं बरोबर हाय. पन मला तशी नेऊ नको रे."

गावकीने कागद टाइप करून आणला होता. आमच्या गावात कोणासही वाळीत टाकलेले नाही, सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात, मागील जबाब गैरसमजातून दिला गेला. सरांनी वाचला, सही केली आणि एक प्रत मागून घेतली. ती त्यांनी इजिप्तच्या दाखल्याच्या तर्जुम्याशेजारी, त्याच फाइलीत लावली. मला दाखवली तेव्हा म्हणाले, मसुदा आमचाच बरा आहे. त्या लोकांना गुण्यागोविंदाची कल्पना सुचली नव्हती.

त्यांना खरंच वाटलं होतं की हा नुसता कागद आहे. काशिनाथची तक्रार आहेच, कायदा आहे, प्रकरण चालेल. तीस वर्षं जी चूक ते फळ्यावर समजावून देत होते ती त्यांनी स्वतः केली, आणि करताना ओळखली नाही. साक्षीदारच फिरल्यावर तक्रारीत काही उरलं नाही. काशिनाथ वाळीतच राहिला. आता कागदोपत्री तो वाळीत नव्हताही.

शिमग्याला पालखी भावाच्या दारात आली, चांगली पाऊण तास नाचली. श्रावणात म्हातारी गेली. सगळी वाडी लोटली, मुंबईहून दोन जीपा आल्या. खांदा देण्यासाठी रांग लागली होती. सर म्हणाले, मला दोनदाच पुढे होता आलं.

त्या वर्षी रोमचं प्रकरण आलं तेव्हा सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "हे तेवढं तुम्ही शिकवा," म्हणाले. "माझ्या हातचं चालणार नाही."

मी त्यांना त्यांचंच शिकवलेलं ऐकवलं. शंभर वर्षांच्या भांडणानंतर शेवटी ठरलं ना, की पाणी देणारा हात कसाही असो, पाणी खरं? छळात नमलेल्या बिशपचा बाप्तिस्माही चालतो? मग तुमचा तास का नाही?

सर टेबलावरची धूळ बोटाने पुसू लागले. "निकाल पाण्याबद्दल होता," ते म्हणाले. "हाताबद्दल नव्हता."

मी शिकवलं. दीड पान, दोन तासांत. कुणी काही विचारलं नाही.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. महाडला समुद्र नाही, तरी दर मे महिन्यात आमच्या कॉलेजातून एक दीपस्तंभ निवृत्त होतो. सरांनाही दीपस्तंभ म्हणण्यात आलं, शाल देण्यात आली. ती ठेवायला आता कणगी नव्हती. शाल बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती. सर बोलायला उठले आणि म्हणाले, मला जे सांगायचं होतं ते सांगण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही, तेव्हा आभार. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या झाल्या.

त्या वर्षीच्या शिमग्यापासूनच ते दर रविवारी वाडीवर जात होते. आई नाही, भावाशी फारसं बोलणं नाही; जातात कुठे म्हणून मी एकदा सोबत गेलो. कापड्याला उतरून आम्ही चढ चढलो. भावाच्या घरावरून सर न थांबता पुढे गेले. भेगेखालच्या काशिनाथच्या घराशी आले. घरापुढे सारवलेलं खळं, खळ्याच्या बाहेर, दगड रचून केलेल्या गडग्याला लागून, एक मोठा दगड. सर त्या दगडावर बसले. खळ्यात पाय ठेवला नाही.

काशिनाथ ओट्यावर विळ्याला धार लावत होता. त्याने मला वर बोलावलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. चहा एकच कप आला. मी सरांकडे बघितलं तसं काशिनाथ म्हणाला, "तुमी घ्या. ते घेत नाय. बोलवला तरी येत नाय. आनि आता मी बोलवत बी नाय."

लहानपणापासून तो सरांना दादा म्हणायचा. आता नुसतं 'ते'. मी विचारलं, कधीपासून बसतात? तर शिमगा होऊन गेला तेव्हापासून. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, माझं चुकलं, मला माफ कर. मग तू काय म्हणालास, मी विचारलं.

काशिनाथने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "मी बोललो, माफ केला असं लिहून देऊ काय? लिहिलेल्याचं काय होतं ते मी बघितलंय." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "राग नाय मला. आईला खांदा दिला त्यांनी, तो इसरलो नाय. पन गावात माज्याशी कोन बोलत नाय, आनि हे आठवड्याला येऊन गप बसतात. गावाचा गप आनि ह्यांचा गप, मला फरक काय कळत नाय."

उतरताना मी चिडलो. म्हटलं, सर, हा काय प्रकार आहे? त्याला सुख नाही, तुम्हाला नाही. सर म्हणाले, आशिया मायनरच्या चर्चमध्ये छळात नमलेल्यांसाठी परत येण्याच्या चार पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवरच्यांनी दाराबाहेर उभं राहायचं, आत जाणाऱ्यांना दिसेल असं. वर्षानुवर्षं. मी म्हटलं, तिथे आत बोलावणारा बिशप होता. इथे कोण आहे? सर म्हणाले, ते मलाही कळलेलं नाही. मग एसटी येईपर्यंत आम्ही भाताबद्दल बोललो.

दीड वर्ष हे चाललं. सरांच्या हृदयाचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी चढ वर्ज्य केला, तरी रविवार चुकला नाही. या छळाच्या इतिहासावर बावीस वर्षं लिहीत असलेल्या त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. कागदवाले परत दाराशी येतात तिथे लिखाण थांबलं आहे.

गेल्या पावसाळ्यात सर वारले, महाडच्या घरी, झोपेतच. गावकीने रीत सोडली नाही. वाडीवर नेलं, सगळे आले. कापड्याच्या फाट्यावर सरांचा हसरा फोटो असलेला फ्लेक्स लागला, त्याखाली शोकाकुल म्हणून ज्यांची नावं होती त्यांनीच तो कागद टाइप करून आणला होता. काशिनाथ बांधावर लांब उभा दिसला. तो पुढे आला असता तरी वाळीतल्याचा खांदा कुणी घेतला नसता.

पण त्या दिवशीचे सर म्हणजे नुसता पांढरा कपडा होता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, वैशाखात. पुस्तकं परत करायला म्हणून वाडीवर गेलो होतो, कारण रविवारी ते महाडला सापडत नसत. आभाळ भरून आलं होतं आणि वळवाचा वारा सुटला होता. काशिनाथ पेंढ्याच्या उडवीवर ताडपत्री घालत होता. मुलगा मुंबईला, बायको पाण्याला गेलेली, शेजाऱ्यांना हाक मारायची सोय नाही. एक टोक बांधावं तर दुसरं उडत होतं. तो एकदा या बाजूला धावत होता, एकदा त्या. सर दगडावर बसून बघत होते. मी गडग्याच्या वळणावर होतो, अजून कुणाला दिसलो नव्हतो.

काशिनाथ थांबला. ताडपत्रीचं टोक हातात धरून त्याने दगडाकडे तोंड केलं. "धरा," म्हणाला.

सर उठले. चपला बाहेर काढल्या आणि खळ्यात आले. दोन्ही हातांनी टोक धरून वाऱ्याला पाठ देऊन उभे राहिले. काशिनाथने चारी बाजूंनी दोर आवळले, दगड बांधले, सगळीकडून एकदा फिरून पाहिलं आणि शेवटी सरांच्या हातातलं टोक घेऊन खुंटीला बांधलं. थेंब पडायला लागले होते. तो घरात गेला. दार त्याने लोटलं नाही, उघडंही धरलं नाही.

सर थोडा वेळ खळ्याच्या मध्यावर उभे होते. मग बाहेर आले, चपला घातल्या आणि पावसात दगडावर जाऊन बसले.